खाटेखालची बाई कुणाच्या हिशेबात?

सरकारी दवाखान्यात केसपेपर निघाला की डॉक्टर नाडी धरायच्या आत एक प्रश्न येतो, 'पेशंटबरोबर कोण आहे?' प्रश्नात लिंग नसतं, उत्तरात मात्र हमखास असतं. बायको आहे, सून आहे, मुलगी आहे, बहीण आहे. क्वचित मुलगा पुढे होतो, पण तो पैशाचं आणि सह्यांचं बघतो. रात्री खाटेखाली चटई टाकून निजायला राहते ती बाई.

ती काय करते? रुग्णाला कुशीवर वळवते. लघवीची पिशवी भरली की रिकामी करते. नाकातल्या नळीतून पेज घालते. सलाइन संपत आलं की सिस्टरला हाक मारायला धावते. रक्ताची बाटली आणायला दुसऱ्या इमारतीत जाते, एक्स-रेसाठी स्ट्रेचर ढकलते, कारण वॉर्डबॉय जेवायला गेलेला असतो. बाहेरच्या मेडिकलमधून चिठ्ठीवरची औषधं आणते. मावशीच्या हातावर वीस-पन्नास रुपये ठेवून चादर बदलून घेते. सकाळी राऊंडला मोठे डॉक्टर आले की तिलाच सांगतात, 'नातेवाइकांनी बाहेर थांबा.'

भारतीय परिचर्या परिषदेने परिचारिकांचं प्रमाण ठरवून दिलेलं आहे. अध्यापन रुग्णालयात 3 रुग्णांमागे 1, सर्वसाधारण रुग्णालयात 5 रुग्णांमागे 1. मी एमएसडब्ल्यू करत असताना ज्या मोठ्या रुग्णालयात फील्डवर्कला जात होते, तिथे रात्रपाळीला तीस-पस्तीस खाटांच्या वॉर्डात एक सिस्टर आणि एक शिकाऊ मुलगी असे. मग उरलेल्या सिस्टर्सचं काम कोण करत होतं? वॉर्ड तर चालत होता. रुग्ण बरे होऊन घरीही जात होते. या गणितातली वजाबाकी खाटेखाली झोपलेली असे.

मैत्रिणींनो, हे मी आज लिहिते आहे त्याला कारण आहे. रुग्ण लवकर बरे कसे होतील, रुग्णालयातून घरी गेल्यावर त्यांना आधार कसा मिळेल, यावर जगभर मोठं संशोधन चाललेलं आहे, आपल्या देशातही चाललं आहे. वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या येतात. 'कुटुंबाचा सहभाग', 'घरच्या घरी पुनर्वसन', 'लवकर घरी सोडणे' असे शब्द त्यात असतात. ऐकायला गोड आहेत. 'कुटुंब' म्हटलं की बरं वाटतं, कारण त्या शब्दात बाई दिसत नाही. आपल्या चळवळीने पाणी, रेशन, सरपण यांच्या बाबतीत 'कुटुंब' हा शब्द फोडून त्यातली बाई बाहेर काढून दाखवली. दवाखान्याच्या बाबतीत ते काम आपण अजून नीट केलेलं नाही.

मी सारोळ्यात काम करते. पुणे-साताऱ्याच्या हमरस्त्यावरचं, नीरेकाठचं गाव. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. इकडे भोरला उपजिल्हा रुग्णालय, पुणं पन्नासएक किलोमीटर. हमरस्त्यावर असल्यामुळे बाहेरच्यांना वाटतं, तुमच्याकडे काय, सगळं जवळ. गाडी असली तर जवळ. एसटीने सारोळ्याहून ससूनला जायचं म्हणजे स्वारगेटला उतरा, दुसरी बस धरा, रांगेत उभ्या राहा, आणि दुपारी ओपीडी बंद झाली की परत या. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायकांचं तर विचारूच नका. 2023 सालापासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. पण त्याचा एक परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. घरात दवाखान्याची चक्कर कुणी मारायची हा वाद निघाला की आता म्हणतात, 'तिला पाठवा, तिला अर्धं तिकीट लागतं.'

आता संशोधनाकडे वळते. पक्षाघात, ज्याला आमच्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, हा असा आजार आहे की जीव वाचल्यावरच खरी परवड सुरू होते. हात उचलत नाही, पाय फरपटतो, बोलणं अडखळतं. रोज व्यायाम करून घ्यावा लागतो, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी वळवावं लागतं. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचार करणारे, प्रशिक्षित परिचारिका हवेत. गावात ते कुठून येणार? मी ज्या घरांत जाते त्यांतल्या एकाही घरी फिजिओथेरपिस्ट आलेला मी पाहिलेला नाही. तेव्हा कल्पना अशी निघाली की घरच्या माणसालाच शिकवावं. कल्पना वाईट नव्हती. तिची तपासणीही रीतसर झाली. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जेयराज पांडियन, सिडनीचे प्रा. रिचर्ड लिंडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या 14 रुग्णालयांत 'अटेंड' नावाचा अभ्यास केला. 2014 ते 2016 या काळात 1250 रुग्ण त्यात घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटात नेहमीच्या उपचारांशिवाय घरच्या एका माणसाला रुग्णालयातच प्रशिक्षण: रुग्णाला कसं हलवायचं, कुठली हालचाल कशी करून घ्यायची, उद्दिष्टं कशी ठरवायची. घरी गेल्यावरही 2 महिन्यांपर्यंत त्याचा पाठपुरावा.

2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. 6 महिन्यांनी प्रशिक्षणाच्या गटात 47 टक्के रुग्ण एकतर दगावलेले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात किती? 47 टक्केच. काडीचा फरक नाही. संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिलं की घरच्यांवर काम सोपवणाऱ्या पुनर्वसन सेवांवर गुंतवणूक करावी असं या निष्कर्षांवरून म्हणता येत नाही, नवा पुरावा आला तर गोष्ट वेगळी.

याच्या आधी इंग्लंडमध्येही असंच घडलं होतं. 2004 साली लंडनच्या एका केंद्रात 300 रुग्णांवर अभ्यास झाला, त्यात घरच्यांना शिकवल्याचा चांगला उपयोग दिसला, खर्चही वाचला. सगळे खूश. मग तोच कार्यक्रम 36 पक्षाघात कक्षांत, 900 वर रुग्णांवर करून पाहिला आणि 2013 साली कळलं की फरक पडत नाही.

हे आकडे मी मुद्दाम सविस्तर दिले. बैठकीत कुणी अधिकारी म्हणाला, 'ताई, घरच्यांना ट्रेनिंग दिलं की झालं, स्टाफ कशाला वाढवायचा', तर त्याच्यापुढे ठेवायला हे आपल्या हाताशी असावेत. बाईने जीव तोडून केलं तरी फिजिओथेरपिस्टची जागा ती घेऊ शकत नाही. यात तिचा काही उणेपणा नाही. चार-साडेचार वर्षं शिकून जे कौशल्य येतं, ते तीन दिवसांत खाटेच्या बाजूला उभं राहून येणार नाही, इतकी साधी गोष्ट आहे. मास्तरांची जागा रिकामी असली म्हणून मुलांच्या आयांना चार दिवस शिकवून वर्गावर उभं करा, असं कुणी म्हणेल का? (खरं तर म्हणतीलही. आशांकडून काय काय करून घेतात ते आपण पाहतोच आहोत.)

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. त्यात रुग्णाला सामील व्हायचं तर घरचं कुणीतरी काळजी घ्यायला असणं ही अटच होती. अभ्यासाच्या दृष्टीने ती बरोबर आहे, ज्याला शिकवायचं तो माणूस तर हवा. पण मग ज्या बाईला कुणीच नाही तिचं काय? सारोळ्याच्या आसपास मला अशा किती म्हाताऱ्या माहीत आहेत, ज्यांनी सासू केली, सासरा केला, नवरा केला. 'केला' हाच शब्द त्या वापरतात, म्हणजे अखेरपर्यंत सेवा केली. मग मुलगा पुण्याला भोसरी नाहीतर हडपसरला एका खोलीत, सून कामाला, आणि म्हातारी गावात एकटी. तिच्या अंगावरून वारं गेलं तर 'पेशंटबरोबर कोण आहे' या प्रश्नाला उत्तर नाही. जिने आयुष्यभर इतरांसाठी ते उत्तर दिलं, तिच्यासाठी ते द्यायला कुणी नाही. आणि कुटुंबाच्या खांद्यावर उभी केलेली प्रत्येक योजना तिला पहिल्यांदा वगळते.

मी संशोधनाच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. आपल्यातल्या काही मैत्रिणींना वैद्यकीय चाचण्या म्हटलं की लगेच संताप येतो. इंजेक्शनच्या गर्भनिरोधकांविरुद्ध आपण लढलो आहोत, त्यामुळे संशय असणं साहजिक आहे. पण तपासून पाहिलं नाही तर काय होतं त्याचंही एक उदाहरण आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला पहिल्या चोवीस तासांत उठवून बसवावं, चालवावं, जितकं लवकर आणि जितकं जास्त तितकं चांगलं, असं अनेकांना वाटत होतं. 5 देशांत 2104 रुग्णांवर तपासलं, तेव्हा 2015 साली दिसलं की इतक्या लवकर आणि इतकं जास्त चालवलेल्यांची स्थिती थोडी वाईटच होती. चांगल्या हेतूने माणसाचं नुकसान होतं, म्हणून तपासायला हवंच. माझं भांडण इतकंच आहे की तपासताना सगळं मोजता, मग तिला का मोजत नाही?

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर बरं करण्याची जी पद्धत 1990 च्या दशकात डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी मांडली, ती आता जगभर गेली आहे. उपाशी कमी ठेवा, वेदना नीट आटोक्यात ठेवा, लवकर चालवा, लवकर घरी सोडा. रुग्णासाठी हे चांगलं आहे, यात वाद नाही. कोण बाई म्हणेल की मला दहा दिवस त्या वॉर्डात राहू दे? पण आपल्याकडे ही पद्धत येताना अर्धीच येते. वेदना आटोक्यात ठेवणं, आहार, घरी गेल्यावर विचारपूस करणारी परिचारिका हे सगळं वाटेत गळून पडतं आणि 'लवकर घरी सोडा' तेवढं पोचतं. दवाखान्याचे पाच दिवस वाचतात. ते दिवस हवेत विरत नाहीत, ते सुनेच्या अंगावर येतात. टाके ओले, जखमेची पट्टी बदलायची, आणि कपभर पाणी घ्यायला उठायचं नाही असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं. आणि रुग्ण स्वतःच घरातली बाई असली तर? मग 'लवकर घरी' म्हणजे लवकर चुलीपाशी. बीड जिल्ह्यात 2016 ते 2019 या तीन वर्षांत 4605 बायकांची गर्भाशयं काढली गेली, असं सरकारनेच 2019 साली विधिमंडळात सांगितलं. त्यांतल्या कितीतरी ऊसतोड करणाऱ्या. गर्भाशय का काढलं यावर खूप लिहिलं गेलं, आणि ते आवश्यकच होतं. पण काढल्यावर त्या किती दिवसांनी पुन्हा मोळी उचलायला गेल्या, त्या काळात त्यांना पाणी कुणी भरून दिलं, हा प्रश्न कुणाच्या तक्त्यात आला?

आणखी एक गमतीदार अभ्यास सांगते. अमेरिकेत रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने 1984 साली दाखवलं की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, आणि ज्यांना समोर विटांची भिंत दिसत होती त्यांना 8.70 दिवस लागले. एकूण 46 रुग्ण. या छोट्याशा अभ्यासावरून जगभर रुग्णालयांच्या इमारती बदलल्या. चांगलं झालं. झाडांचा परिणाम मोजता आला. खिडकी आणि रुग्ण यांच्या मधे बसलेली बाई मात्र कुणाला दिसली नाही.

तिचा मुक्काम असतो कुठे, तेही पाहू. स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला राहू देत नाहीत. योग्यच आहे. म्हणजे रुग्ण बाई असली तर सोबत बाईच लागते. नवऱ्याला आपसूक सुट्टी मिळते, तो डबा पोचवून जातो. रुग्ण पुरुष असला तर नियम आड येत नाही, तरी सोबत बायकोच. तिने पुरुषांच्या वॉर्डात परक्या माणसांमधे रात्र काढायची. तिला खाट नाही, खुर्ची असली तर नशीब. संडास पुरुषांचा. मी अशा कितीतरी बायका पाहिल्या आहेत ज्या संध्याकाळी पाचनंतर पाण्याचा घोट घेत नाहीत, रात्री उठावं लागू नये म्हणून. पाळी आली तर कापड बदलायला जागा नाही. अंगावर पिणारं मूल घरी ठेवून आलेली एक जण पदर भिजला म्हणून रात्रभर भिंतीकडे तोंड करून बसलेली मला आठवते. आणि नको ते स्पर्श, नको त्या नजरा. याविषयी बायका बोलत नाहीत, कारण रुग्ण अजून तिथेच पडलेला असतो आणि सिस्टरचं, वॉर्डबॉयचं मन दुखावून चालणार नसतं.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. देश हादरला, सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. आपणही रस्त्यावर उतरलो. वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेची चर्चा झालीच पाहिजे. पण त्या चर्चेत नातेवाईक कसे आले? डॉक्टरांना मारहाण करणारा जमाव म्हणून आले. व्हरांड्यात, जिन्याखाली रात्र काढणारी रुग्णाची बायको, तिला सुरक्षित झोपायला जागा हवी, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

सगळं संशोधन असं आंधळं नाही. याचाही पुरावा आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळ देतो. कमी वजनाच्या नवजात बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं, ज्याला कांगारू पद्धत म्हणतात, ती कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. पण बाळ फारच नाजूक असलं तर आधी काचेच्या पेटीत, तब्येत स्थिर झाल्यावर आईकडे, अशी रीत होती. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत, आपल्याकडे दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय, अशा ठिकाणी तपासून पाहिलं की जन्मल्याबरोबर आईकडे दिलं तर काय होतं. 3211 बाळं. 2021 साली निष्कर्ष आले: जुन्या रीतीने 28 दिवसांत 15.7 टक्के बाळं दगावली, लगेच आईकडे दिलेल्यांत 12 टक्के. म्हणजे दर चार मृत्यूंमधला जवळजवळ एक टळला. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला.

यातली माझ्या लेखी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हे करायचं तर आई अतिदक्षता कक्षात हवी. ती बाहेर जमिनीवर बसून चालत नाही. म्हणून तिथे आईसाठी खाट घातली. तिचंही बाळंतपण ताजं आहे, तिचे टाके, तिचा रक्तस्राव, तिचं जेवण हे सगळं त्याच कक्षात पाहिलं गेलं. बाळं दिवसाचे जवळजवळ सतरा तास छातीशी होती. एकट्या आईने सतरा तास शक्य नाही, म्हणून आजी, मावशी, आत्या यांनाही आत घेतलं. बाईच्या श्रमाशिवाय हे होत नाही, हे मान्य केलं, आणि मान्य केलं म्हणून तिला खाट मिळाली. 'अटेंड'मध्ये घरच्या माणसाने नसलेल्या तज्ज्ञाची जागा भरायची होती. इथे बाईला तिच्याच जागी बसवलं आणि तिच्या भोवती डॉक्टर-सिस्टर उभे राहिले. फरक इथे आहे, आणि आपली मागणी याच फरकावर उभी राहायला हवी.

बाळंतपणातल्या सोबतीचंही तसंच आहे. 17 देशांतल्या 26 अभ्यासांचा, 15 हजारांवर बायकांचा 2017 साली एकत्रित आढावा घेतला गेला. कळांच्या वेळी सतत कुणी जवळ असलं तर बाळंतपण लवकर होतं, सिझेरियन कमी होतात, बाईच्या मनावर वाईट आठवणींचा डाग कमी राहतो. आपल्या केंद्र सरकारने 2016 सालीच सरकारी रुग्णालयात बाळंतिणीबरोबर एका बाईला आत राहू देण्याचं धोरण जाहीर केलं. आता तुमच्या तालुक्यात जाऊन विचारा. माझ्या ओळखीच्या बायका सांगतात, 'आईला बाहेर काढलं, गर्दी नको म्हणाले.' म्हणजे जिथे तिच्या असण्याचा फायदा सिद्ध झाला आहे तिथून तिला हाकलायचं, आणि जिथे ती पुरी पडत नाही असं सिद्ध झालं तिथे सगळा भार तिच्यावर टाकायचा. पुरावा दोन्हीकडे आहे, दोन्हीकडे उलटं वागतो.

'आपल्याकडे नाती आहेत, परदेशासारखं म्हाताऱ्यांना आश्रमात टाकत नाहीत,' असं मला हमखास ऐकवलं जातं. बोलणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांनी कधी भांडं उचललेलं नसतं. 2019 सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बाई दिवसाला 299 मिनिटं बिनमोल घरकाम करते, पुरुष 97. घरच्यांची काळजी घेण्यात ती 134 मिनिटं, तो 76. हेही जे करतात त्यांचेच आकडे, न करणारे पुरुष वेगळेच. आणि नाती इतकी घट्ट असतील तर अवयवांचं काय? 1995 ते 2021 या काळात देशात साडेछत्तीस हजारांवर प्रत्यारोपणं झाली, त्यांत अवयव मिळालेले 29 हजारांवर पुरुष, बायका सात हजारही नाहीत. जिवंतपणी मूत्रपिंड नाहीतर यकृताचा तुकडा देणाऱ्यांत मात्र बायकाच फार मोठ्या संख्येने आहेत. नात्यांचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो आहे.

बायकाही म्हणतात, 'ताई, आपलं माणूस आहे, करायलाच पाहिजे.' मी त्यांच्याशी वाद घालत नाही. माया खोटी नसते. माझा प्रश्न मायेला नाही, त्या मायेवर स्वतःचा तोटा भरून काढणाऱ्या व्यवस्थेला आहे. शेवटी हिशेब करून पाहू. शिरवळच्या कंपनीत कंत्राटावर जाणाऱ्या किंवा खुरपणीला जाणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी 300 रुपये धरली आणि तिचे 60 दिवस सासऱ्याच्या खाटेपाशी गेले, तर 18 हजार रुपये झाले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो. हे 18 हजार कुठल्याच पॅकेजात नाहीत. कंत्राटदार मात्र तिची जागा तिसऱ्या दिवशी भरतो.

पुण्याला या बाबतीत एक जुना वारसा आहे. 1909 साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदन उभं राहिलं, आणि विधवा, परित्यक्ता बायकांना शुश्रूषेचं शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी समाजाचा रोष पत्करला. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारी बाई म्हणून त्या मुलींना काय काय ऐकावं लागलं! पण शुश्रूषा हे शिकण्याचं काम आहे आणि त्याला पगार असतो, हे त्यांनी सिद्ध केलं. त्याही आधी सावित्रीबाई प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना 10 मार्च 1897 ला गेल्या. त्यांनी सेवा केली ती माळावर दवाखाना उभा करून, डॉक्टर असलेल्या यशवंतच्या बरोबरीने, अनोळखी माणसांसाठी. ज्याचं त्याने घरात बघावं असं त्या म्हणाल्या नाहीत. आणि मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका? 1973 साली अत्याचार झालेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना त्यांनी 2015 पर्यंत सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणात असूनही अंगावर एक जखम नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालात आहे. प्रशिक्षित हातांनी, पाळ्या लावून, मनुष्यबळ असेल तर काय होऊ शकतं, ते यातून दिसतं. शंभर वर्षांपूर्वी पुण्यातल्या बायकांनी जे काम पगाराचं केलं, ते आज 'कुटुंबाचा सहभाग' म्हणत पुन्हा फुकटात ढकललं जात आहे.

पैसा नाही, हे उत्तर तर ठरलेलंच. केरळ सरकारची आश्वासकिरणम योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला महिना 600 रुपये. रक्कम हास्यास्पद आहे, पण ती देताना सरकारने मान्य केलं की हे काम आहे. तामिळनाडूने 2021 पासून घरोघरी जाऊन औषधं आणि फिजिओथेरपी द्यायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये काळजी घेणाऱ्याला 1976 पासून भत्ता होता, पण लग्न झालेल्या बाईला नव्हता. तिने तर करायचंच, असं गृहीत. जॅकलिन ड्रेक नावाची बाई, आईची काळजी घेण्यासाठी नोकरी सोडलेली, न्यायालयात गेली आणि 1986 साली तो भेद रद्द झाला. तिथेही कुणी आपणहून दिलं नाही.

मग आपण काय करायचं? माझ्या पेशाकडून सुरुवात करते. 1946 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय सामाजिक कार्यकर्तीची नेमणूक झाली. आज रुग्णालयातला आमचा समाजसेवा विभाग म्हणजे रेशनकार्डाची झेरॉक्स तपासायची खिडकी झाला आहे. त्या विभागाने सोबतच्या बाईचाही कागद उघडला पाहिजे. तिला खाट, जेवणाचं ताट, बायकांचा संडास, रात्री कुलूप लागणारी खोली या मागण्या संशोधनाची वाट न पाहता आजच करता येतात. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयापासून खाली प्रत्येक आरोग्य केंद्रापर्यंत ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मिळावा, हीही.

संशोधनाच्या बाबतीत आपल्या हातात एक दार आहे, ते फारजणींना ठाऊक नाही. औषधांच्या चाचण्यांसाठी 2019 साली जे नियम झाले, त्यांत नैतिक समितीवर निदान एक स्त्री, एक सर्वसामान्य व्यक्ती, आणि समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी अशांसारखा बाहेरचा सदस्य असावा असं म्हटलं आहे. या जागांवर बहुतेक वेळा कुणाची तरी ओळखीची माणसं बसतात. आपल्या गटांतल्या बायकांनी तिथे जाऊन बसलं पाहिजे आणि प्रत्येक प्रस्तावाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. घरी हे काम कोण करणार आहे? तिची वेगळी संमती घेतली का, की नवऱ्याच्या सहीत तीही आली? आणि रुग्ण किती दिवसांत बरा झाला याबरोबर तिची किती मजुरी बुडाली, तिची पाठ धरली का, तिची झोप किती गेली, हे मुख्य तक्त्यात येणार की शेवटच्या पानावरच्या पुरवणीत? प्रस्ताव परत पाठवण्याचा अधिकार त्या समितीला असतो.

सारोळ्यात आम्ही बचत गटाच्या बैठकीत एक वही सुरू केली आहे. रकाने साधे आहेत: रुग्ण कोण, सोबत कोण, किती रात्री, कुठे झोपली, किती मजुरी बुडाली, एसटी आणि चहापाणी किती, तिचं स्वतःचं दुखणं काय, आणि ती आजारी पडली तेव्हा सोबत कोण होतं. शेवटचा रकाना आधी नव्हता. एका मावशींनी विचारलं, 'आणि आमच्याबरोबर कोण होतं ते नाही का लिहायचं?' म्हणून तो घातला. लिहिता न येणाऱ्यांसाठी खडूने रेघा मारतो, आठवड्याला कुणीतरी वहीत उतरवतं. वर्षभराची नोंद झाली की ती घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा परिषदेत जायचं आहे. एका गावाच्या वहीला कुणी विचारणार नाही, वेल्ह्याच्या, पुरंदरच्या, नदीपलीकडे खंडाळा तालुक्यातल्या वह्या बरोबर असल्या तर विचारावं लागेल. ज्या गटांना हे रकाने हवे असतील त्यांनी त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावं, छापील नमुना पाठवू. पावसाळ्याआधी कळवलंत तर बरं, भाताच्या लावणीत आमच्या बायकांना वेळ नसतो.